राजापूरकडचं जुनं चिऱ्याचं घर: पाडून स्लॅबचं बांधायचं की आहे तेच नीट करायचं?

सड्यावरची

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, वेळ काढून वाचा प्लीज. राजापूर तालुक्यात आमचं आजोबांच्या वेळचं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर आहे. पडवी, ओटी, माजघर, वर लाकडी माळा, मागे न्हाणीघर, परसात विहीर. बरीच वर्षं घर बंदच असायचं, गणपतीत आणि मे महिन्यात काय ते उघडायचं. आता बाबा रिटायर झालेत आणि दोघांनी कायमचं तिकडे राहायचं ठरवलंय, म्हणून काम काढायचंय. अवस्था अशी की मागच्या खोलीचे वासे वाळवीने खाल्लेत, भिंतींना कंबरेपर्यंत ओल आहे, मध्ये कधीतरी कोणीतरी आतून सिमेंटचा गिलावा केला होता तो फुगून पडतोय. पुढची बाजू मात्र ठणठणीत आहे.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतो पाडा सगळं, कॉलम टाकून स्लॅबचं बांधू, आत व्हिट्रिफाइड टाइल्स, पीओपी, मॉड्युलर किचन, एकदाच काय तो खर्च. भावाचंही तेच मत. मला आणि बाबांना पाडायचं नाहीये. नवीन सिमेंट, नवीन प्लाय, एसी हे शक्य तितकं कमी हवंय. पण आईबाबांचं वय बघता नुसता गारवा असून भागत नाही ना, पाय घसरायला नको, साप-विंचू आत यायला नकोत, दरवर्षी शाकारणीला माणसं शोधत फिरायला लागू नये, हेही बघायलाच हवं. नेटवर इको-फ्रेंडली म्हणून शोधलं की रिसॉर्टचे फोटो येतात, त्यातलं रोजच्या वापरात काय टिकतं ते कळत नाही. ओल, छप्पर, फरशी आणि किचन असे माझे चार मुख्य प्रश्न आहेत. ज्यांनी खरंच केलंय त्यांनी लिहा.

कोबा_आणि_चुना

जुन्या घरांची दुरुस्ती हेच माझं काम आहे, त्यामुळे सरळ सांगतो, पाडू नका. पर्यावरणाच्या दृष्टीने तुमच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, बाकीचं सगळं त्यानंतर. त्या भिंतींमधला चिरा एकदा खाणीतून निघालाय, वाहून आलाय, रचून झालाय. पाडलं तर तो डंपरमध्ये जाणार आणि नवीन घराला नवीन चिरा लागणार, तो सडा, म्हणजे कातळाचं पठार, कापूनच येतो. तुमच्याच तालुक्यात बारसू, देवाचे गोठणे इथे सड्यावर कातळशिल्पं आहेत, २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेलेली. पावसाळ्यात त्याच सड्यांवर जी फुलं येतात ती खाण झाली की संपली. आणि सिमेंटचं म्हणाल तर जगभरातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी साधारण ८ टक्के एकट्या सिमेंटचं आहे, एक तर भट्टी १४५० अंशांपर्यंत तापवायची आणि वर चुनखडी भाजताना तिच्यातूनच वायू निघतो तो वेगळा.

आता ओल. आधी घराबाहेर या आणि जोतं बघा. बहुतेक ठिकाणी काय झालेलं असतं, अंगणात भराव टाकून, वर कोबा नाहीतर पेव्हर ब्लॉक घालून अंगणच जोत्याच्या बरोबरीला आणलेलं असतं, मग पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशीच मुरतं. ते आधी उतरवा, उतार घरापासून लांब द्या, पन्हळ लावा. मग आतला सिमेंटचा गिलावा पूर्ण खरवडून काढा. जांभा सच्छिद्र असतो, पाणी शोषतो आणि सोडतो, सिमेंटने त्याचं तोंड बंद केलं की ओल बाहेर पडायला जागा शोधत वर चढते आणि गिलावा फुगतो. भिंत उघडी करून एक उन्हाळा नुसती वाळू द्या, घाई नको. नंतर चिऱ्यांमधल्या दरजा (सांधे) चुन्याने भरा आणि चुन्याचाच गिलावा करा किंवा चिरा तसाच उघडा ठेवा. उघडा ठेवलात तर त्यावर चकचकीत लॅकर मारायचा मोह टाळा, त्याने पुन्हा तेच होतं.

चुन्याचं काम दिवाळीनंतर सुरू करायचं, थंडीत. चुना सावकाश आवळतो, कडक उन्हात भराभर वाळला तर तडे जातात, आणि पावसाच्या तोंडावर केला तर धुऊन जातो. चांगला भिजवून मुरवलेला चुना मिळाला तर उत्तम. एक सांगायचं म्हणजे तुमची जी फुटकी कौलं निघतील ती टाकू नका, कुटून बारीक चाळून घ्या, ती झाली सुरखी, चुन्यात घातली की न्हाणीघरासारख्या ओल्या जागीही चुना आवळतो.

पन्हळ_वाला

वरचं सगळं बरोबर आहे पण छपराचं कोणी बोललं नाही, आणि कोकणात लोक कौलं का काढतात त्याचं खरं कारण वानर आहे हो. आमच्याकडे टोळी आली की छपरावरून उड्या मारत जाते, एका सकाळीत पंचवीस-तीस कौलं जातात, भर पावसात. त्यात कौलं चाळायला, म्हणजे काढून परत नीट रचायला, माणूस मिळत नाही, जुने जाणते गेले आणि पोरं मुंबईला. त्यामुळे कौलारूच ठेवा असा नुसता सल्ला दिला तर तुमचे आईबाबा जून महिन्यात बादल्या लावत बसतील.

आम्ही केलं ते असं, जिथे लाकूड गेलं होतं तिथे लोखंडी ट्यूबचा सांगाडा केला, त्यावर पत्रा, पत्र्यावर रीप (आडव्या पट्ट्या) आणि रिपेवर आमचीच जुनी कौलं. कौल फुटलं तरी पाणी पत्र्यावरून पन्हळीत जातं, आत थेंब नाही, उंदीर-साप वरून पडायची भीती नाही. कौल आणि पत्रा यांच्यात हवा खेळते म्हणून नुसत्या पत्र्यासारखं तापत नाही आणि पावसाचा तो कान बधिर करणारा आवाजही येत नाही. लोखंड वापरावं लागलं हे खरं, पण समुद्राकडचा वारा आहे, प्रायमरमध्ये कंजुषी करू नका. चांगल्या लाकडाला हात लावू नका, पुढची बाजू ठणठणीत आहे म्हणता ना, मग तिथले वासे तसेच ठेवायचे.

जुनी कौलं उतरवताना एकेक बोटाने वाजवून बघायचं. टणटण वाजलं की ठेवायचं, बद्द आवाज आला की त्यात बारीक चीर आहे, बाजूला. पाठीमागे कारखान्याचा शिक्का असतो तोही बघा. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये पहिला कारखाना काढला, त्यानंतर किनाऱ्यावर ही कौलं सगळीकडे पसरली, त्या शिक्क्यांची कौलं अजून छपरावर आहेत लोकांच्या.

आणि तुमच्या भावाला सांगा, आपल्या पट्ट्यात स्लॅबची घरं मोजा आणि त्यातल्या किती स्लॅबवर नंतर पत्र्याची शेड आलीय ते मोजा. स्लॅब गळतो, तापतो, मग वर शेड. म्हणजे दोनदा खर्च.

सड्यावरची

कोबा_आणि_चुना, आत्ताच बाबांना फोन केला, खरंच अंगणात भराव टाकलाय म्हणे, मंडप घालायला सपाट हवं म्हणून! वानरांचं तर विचारूच नका, आमच्याकडेही तेच. पत्र्यावर कौल ही आयडिया भावालाही पटेल असं वाटतंय. आता लाकडाचं सांगा कोणीतरी, वाळवीवर ते केमिकलचं इंजेक्शन मारतात तेवढाच उपाय आहे का? आणि आतलं सगळं अजून बाकीच आहे.

माणगा

लाकडाबद्दल मी लिहितो, कुडाळचा आहे. वाळवी लाकडातून नाही, जमिनीतून येते, तिची मातीची नळी भिंतीवरून वर चढलेली दिसते. ओल गेली की निम्मं काम झालं. खाल्लेला भाग कापून तिथे चांगला तुकडा जोडणारा सुतार शोधा, अख्खा वासा बदलायची गरज नसते. नवीन लाकूड लागलंच तर आपल्याकडे ऐन आणि किंजळ छपराला चालत आलेत, दारं-खिडक्यांना फणस सुंदर दिसतो. पण त्याआधी आजूबाजूला कुठे जुनं घर पाडतायत का बघा, पाडलेल्या घराचं लाकूड पुरतं वाळलेलं असतं, वाकत नाही.

काजूच्या टरफलाचं तेल लावायची जुनी पद्धत आहे, होड्यांनाही लावतात. प्रक्रिया करणाऱ्यांकडे मिळतं. मात्र हातमोजे घालूनच, कातडीला लागलं तर भाजल्यासारखं होतं, आणि लाकूड काळपट होतं, त्यामुळे माळ्याला, वाशांना लावा, पलंगाला नको.

बांबूचं म्हणाल तर पडवीची जाळी, पडदे, रॅक यासाठी आमच्याकडचा माणगा बांबू झकास आहे, भरीव असतो. फक्त बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात मुरवलेलाच घ्या. कच्चा घेतलात तर भुंगा लागून खाली पिठासारखी भुकटी पडायला लागते आणि मग लोक बांबूला नावं ठेवतात.

निळी_खिडकी

आतल्या कामाबद्दल मी सांगते, आम्ही गोव्यात सासरचं घर असंच केलं.

किचन: प्लायचे मॉड्युलर कप्पे कोकणातल्या दमट हवेत घालूच नका. मागच्या बाजूने बुरशी, बिजागऱ्यांना गंज, आणि नवीन असताना डोळे चुरचुरतात तो गोंदातल्या फॉर्मल्डिहाइडचा वास असतो, बंद घरात तो खूप दिवस राहतो. त्याऐवजी कडप्प्याचे उभे-आडवे कप्पे करा, आपल्या आयांच्या किचनमध्ये असायचे तसेच, आणि त्याला जुन्या लाकडाची दारं. पुसून घ्यायचं, संपलं. कपड्यांना नवीन वॉर्डरोब कशाला, चिऱ्याची भिंत जाड असते, तुमच्याकडे फडताळं आणि कोनाडे असणारच, ते बुजवले असतील तर उघडा.

फरशी: पॉलिश केलेल्या व्हिट्रिफाइड टाइलवर पावसाळ्यात घाम धरतो आणि पाय सटकतो, वयस्कर माणसांना ती अजिबात नको. शिवाय ती गुजरातमधल्या मोरबीच्या भट्टीतून भाजून इतक्या लांब येते. शहाबादी घाला, पॉलिश न केलेली, नाहीतर लाल कोबा. कोब्याला मात्र हात बसलेला गवंडी हवा, मध्ये पट्ट्या टाकून चौकोन पाडायला सांगा म्हणजे तडा गेला तरी पट्टीवरच थांबतो. आणि सध्या जी फरशी आहे ती चांगली असेल तर नुसती घासून घ्या ना, बदलायचीच कशाला!

रंग: आतून चुन्याची सफेदी उत्तम, स्वस्तही. आईंना रंगीत हवं असेल तर शेणापासूनचा खादी प्राकृतिक पेंट मिळतो, खादी ग्रामोद्योग आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये आणला, त्यात डिस्टेंपर आणि इमल्शन दोन्ही आहे. एक फार महत्त्वाचं, जुन्या दारं-खिडक्यांवरचा ऑइलपेंट कोरडा घासू नका. आपल्याकडे रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या थरांमध्ये शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांना फार वाईट. ओलं करून खरवडा, तोंडाला चांगला मास्क, घरात पोरं असताना हे काम काढूच नका.

आणि माजघरात दिवसा लाइट लावावा लागतो ना? तिथे वर दोन काचेची कौलं बसवा. खाली पत्रा घालणार असाल तर तेवढ्यापुरता पत्रा कापून पारदर्शक शीट टाकायला आधीच सांगा, नंतर कोणी करत नाही. आमच्याकडे दुपारी बाराच्या सुमाराला उन्हाचा चौकोन बरोबर जात्यावर येतो, सासूबाई तिथेच तांदूळ निवडायला बसतात.

विजेचं_बिल

थोडं वेगळं मत. चुना-कौलं ठीक आहे पण रोजच्या विजेकडेही बघा. जुना पंखा ७५ वॅट खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास, चार-पाच पंखे दिवसरात्र चालणार असतील तर फरक चांगलाच पडतो. सोलर कौलांवर लावायच्या भानगडीत पडू नका, गोठा किंवा शेड असेल तर तिथे लावा. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा जास्तला ७८ हजार सबसिडी आहे. जून ते सप्टेंबर वीज कमी येणार हे धरूनच चाला. एसी नको म्हणता ते मला पटतं, माळा शाबूत असेल आणि संध्याकाळी समोरासमोरच्या खिडक्या उघड्या राहिल्या तर लागणार पण नाही. फक्त खिडक्यांना डासांची जाळी हवी, नाहीतर कोणी उघडत नाही.

सड्यावरची

केवढी माहिती दिलीत, मनापासून आभार. ठरलं बऱ्यापैकी. या उन्हाळ्यात फक्त अंगण उतरवायचं, गिलावा काढायचा आणि मागचं छप्पर पत्रा-कौलाचं करायचं, चुन्याचं काम दिवाळीनंतर. भावाला हा धागा पाठवला, स्लॅबवरच्या शेडचा मुद्दा त्याला लागला बरोबर, त्याच्या सासरीच तसं झालंय. राहिला शेवटचा प्रश्न पाण्याचा. पाऊस एवढा पडतो आणि एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला जाते. टाकी बांधावी का? आणि न्हाणीघर आत आणायचंय, त्याचं सांडपाणी कुठे सोडायचं?

कोबा_आणि_चुना

रत्नागिरी जिल्ह्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे १०० चौरस मीटर छपरावर ३ लाख लिटर. पण जांभा ते धरून ठेवत नाही, म्हणूनच मे महिन्यात विहीर जाते. दोन माणसांना काटकसरीने दिवसाला २०० लिटर धरलं तर ६० दिवसांना १२ हजार लिटर लागतात, तेवढी झाकलेली टाकी पन्हळीला जोडून बांधा, पहिल्या दोन-चार सरींचं पाणी बाहेर सोडायची सोय ठेवून. टाकी सिमेंटचीच करावी लागेल, तिथे स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीतली मळी घातलेलं) मागा, खाऱ्या हवेत सळीला ते बरं.

अंघोळीचं आणि धुण्याचं पाणी आधी छोट्या खड्ड्यात, खडी आणि वाळू भरून, त्यावर कर्दळ लावा, पुढे केळी आणि अळू. संडासाची टाकी पूर्ण वेगळी, ते पाणी यात मिसळायचं नाही. विहिरीपासून १५ मीटर अंतर ठेवा असं सांगतात पण जांभ्यातून पाणी भराभर झिरपतं, त्यामुळे त्याहून बरंच लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला करा. विहीर घराच्या कुठल्या बाजूला आहे आणि जमिनीचा उतार कुठे जातो ते सांगा, जमलं तर हाताने काढलेला नकाशा टाका, म्हणजे जागा नक्की करता येईल.