अदृश्यतेचा नियम सैल पडला
‘शॅडोहंटर्स’ या अमेरिकी कल्पनारम्य टीव्ही मालिकेचा सारा दोष तकलादू दृश्यपरिणामांच्या माथी मारणारे मत मला पटत नाही. २०१६ ते २०१९ या काळात ३ पर्वे आणि ५५ भाग चाललेल्या या मालिकेची खरी अडचण गुप्ततेच्या नियमाची आहे: राक्षसांशी लढणारे शॅडोहंटर सामान्य माणसांना दिसत नाहीत, हा तो नियम. पहिल्या भागात नायिका क्लॅरीला शॅडोहंटर जेस दिसतो, पण सोबतच्या सायमन या मित्राला दिसत नाही, तेव्हा न्यूयॉर्कच्या गजबजाटाआड दडलेले जग क्षणात खरे वाटू लागते. पुढे मात्र भर शहरात लढाया होत असताना सामान्य माणसे नेमकी कुठे असतात, हा प्रश्न लेखकांनाच फारसा पडत नाही. जादूगार मॅग्नस आणि शॅडोहंटर अ‍ॅलेक यांचे नाते (माझ्या मते मालिकेची सर्वांत जमलेली बाजू) तरून जाते, कारण तिथे अडसर अदृश्यतेचा नसून शॅडोहंटर समाजाच्या रूढींचा आहे.