आभाळातून पडलेला दिवा
'द ट्रुमन शो' हा चित्रपट कुठल्या कादंबरीवर बेतलेला नाही, पटकथा अँड्र्यू निकोलची स्वतंत्र आहे, हे मान्य. तरी फिलिप के. डिकची 'टाइम आउट ऑफ जॉइंट' (१९५९) ही कादंबरी वाचताना मला राहून राहून ट्रुमनच, म्हणजे नकळत टीव्ही मालिकेत जगणारा त्या चित्रपटाचा नायक, आठवत होता. कादंबरीच्या नायकाच्या डोळ्यांदेखत शीतपेयांचा स्टॉल विरून जातो आणि मागे उरते फक्त 'शीतपेयांचा स्टॉल' असं लिहिलेली चिठ्ठी. ट्रुमनसमोर आभाळातून दिवा कोसळतो, त्यावर ताऱ्याचं नाव! रेडिओवर स्वतःबद्दलचं बोलणं कानी पडणं तर दोन्हीकडे आहे. दोन्ही नायक नकळत खोट्या गावात राहतात, ते गाव वसवण्याची कारणं मात्र वेगळी. कादंबरीत युद्ध, चित्रपटात करमणूक. अंगावर खरा काटा आला तो पुढे. कादंबरीचा नायक ज्याला १९५९ समजत असतो ते साल प्रत्यक्षात निघतं १९९८, आणि चित्रपटही आला १९९८ मध्येच.