गोचीड कुणाला चावते? बायांचे आणि बाप्यांचे अनुभव

बिब्बा
काजूचा हंगाम तोंडावर आला की आमच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांदा पट्ट्यात माकडतापाचं बोलणं सुरू होतं. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात सापडलेला, गोचिडीच्या चाव्यातून पसरणारा हा विषाणू २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये आमच्याकडे पोचला. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवायचं, हे आता पोरांनाही पाठ आहे. मला वेगळं विचारायचंय. बाईची आणि पुरुषाची कामं वेगळी, कपडे वेगळे. मग गोचिडीचा धोका आणि बचाव तरी सारखा कसा असेल? आपापलं लिहा.

ओवळीण
काजूच्या बिया जमवायला आमच्यात बायकाच जास्त. वाकून, उकिडवं बसून पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या सुक्या पाल्यात, हात घालायचा, आणि गोचिडीची पिल्लं असतात त्याच पातेऱ्यात. ती ऐन उन्हाळ्याआधी आणि उन्हाळ्यात असतात, म्हणजे नेमकी काजूच्या वेळेला. शिवाय गोठ्यात अंथरायला आणि भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, पातेऱ्याचे भारे डोक्यावरून आणायचे ते आम्हीच.
आरोग्यसेविका सांगते, पँट मोज्यात खोचा. गे बाय, पँट आहे कुणाकडे? आम्ही साडीवर घरधन्याचा जुना फुल शर्ट चढवतो, डोक्याला टॉवेल. वरचं अंग झाकतं, पोटऱ्या उघड्याच. आता वाडीतल्या तरण्या मुली आतून लेगिंग घालतात. सासवा कुरकुरतात, पण घालतात.

तिठ्यावरचा
बाप्यांची बाजू मांडतो. आम्ही बर्म्युडावर, उघड्या अंगाने रानात शिरतो. लाकूडतोड, गवत कापणं, गुरांमागे फिरणं सगळं तसंच. वाटून मिळालेलं, गोचिडीला दूर ठेवणारं डीएमपी तेल खुंटीला टांगलेलं असतं, कारण 'माका काय होवचा नाय'. वाडीत ताप आला तो एका तगड्या गड्याला. डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडून पडलेलं, मग गोव्यात बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात न्यावं लागलं. वाचला. त्यानंतर तेलाच्या बाटल्या खाली उतरल्या.

ओवळीण
@तिठ्यावरचा, आणि तुम्ही घरी आलात की विहिरीवर धडाधड आंघोळ करून मोकळे! आम्ही आल्या आल्या चुलीकडे. न्हाणीत जाईपर्यंत काळोख. गोचीड चिकटलीय का म्हणून पोरांची डोकी, काखा बघून होतात, नवऱ्याची पाठ बघून होते. आमची पाठ कोण बघणार? मी आता जावेला सांगते, ती मला सांगते. अंबाड्याखालची मान तर आपली आपल्याला दिसतच नाही.

जर्सीकर
न्यू जर्सीत माकडताप नाही, गोचिडीमुळेच होणारा लाइम आजार आहे. अमेरिकेतल्या नोंदींत लाइमचे रुग्ण पुरुष थोडे जास्त. आमच्याकडे लॉन कापणारा नवरा आणि भाजीचा वाफा करणारी मी, दोघांनाही गोचीड चिकटलीय. त्याची गुडघ्यामागे, माझी अंतर्वस्त्राच्या इलास्टिकखाली. पिल्लू खसखशीएवढं, चावल्याचं कळतही नाही. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, तेल-काडी काही लावायचं नाही.
आपल्या सावळ्या कातडीवर लाइमचा लाल चट्टा नीट उठून दिसत नाही, हे डॉक्टरला आपणच सांगावं लागतं. आणि एक गोष्ट मला फार आवडते: या आजाराकडे लक्ष वेधलं गेलं ते आयांमुळे. कनेक्टिकटमधल्या लाइम गावच्या पॉली मरी आणि आणखी एका आईने १९७५ मध्ये मुलांच्या सुजलेल्या सांध्यांचा पाठपुरावा केला. नाहीतर ती पोरं 'संधिवात' म्हणूनच राहिली असती.

मांडवी
सत्तरीत माहेर. आमच्याकडे काजूचे बोंडू पिळायला, दारूच्या भट्टीवर बाप्ये. बागेत वेचायला बायका. बाळंतीण बाई तेल लावायला कचरते, अंगावरच्या पोराच्या तोंडात जाईल म्हणून. यावर कुणी नीट सांगितलेलं मी ऐकलं नाही. माझी वहिनी तेवढ्यापुरती बागेत जात नाही. पण मजुरीवर जाणाऱ्या बाईने काय करायचं?

तिठ्यावरचा
@जर्सीकर, कपड्यांचं काय करता? इथे सांगतात रानातले कपडे घरात आणू नका.

जर्सीकर
आधी ड्रायरमध्ये, कडक उष्णतेवर दहा मिनिटं, धुण्याच्याही आधी. कोरड्या उष्णतेने मरतात, साध्या धुण्याने नाही.

ओवळीण
आमचा ड्रायर म्हणजे कढत पाण्याचं घमेलं. त्याचं पाणी तापवायचं काम कुणाकडे, ते विचारू नका.