मदत हवी आहे: भाचा शाळेत बोलत नाही, दवाखाना फुकट आहे पण दर हेलपाट्याला एक खाडा पडतोय (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबेल, पण कोणीतरी पूर्ण वाचा प्लीज.

माझ्या नणंदेचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत. सुतारवाड्याच्या बाजूला भाड्याच्या एका खोलीत राहतात, पाणी तिथं सगळ्यात आधी शिरतं हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. २०१९ च्या पुरात तो अगदी लहान होता, पण २०२१ च्या जुलैत पाच वर्षांचा होता आणि त्याच्या वडलांनी रात्री खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर काढलं होतं. तेव्हापासून पावसाळा आला की मला फोन करून विचारायचा, मामी किती फूट झालं? राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेचं पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका हे त्याला पाढ्यासारखं पाठ आहे. आम्हाला कौतुक वाटायचं, पोरगं हुशार आहे म्हणून. पण यंदा फेब्रुवारीत, बाहेर रखरखीत ऊन असताना त्यानं तेच विचारलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. रोज रात्री दप्तर माळ्यावर ठेवल्याशिवाय झोपत नाही, आई विसरली तर उठून स्वतः डब्यावर चढून ठेवतो. परत अंथरूण ओलं व्हायला लागलंय.

आणि शाळेत बोलणं बंद. घरी बहिणीशी बोलतो, माझ्याशी बोलतो, शाळेच्या गेटातून आत गेला की एक शब्द नाही. हजेरीला नाव घेतलं की हात वर करतो पण 'हजर' म्हणत नाही, म्हणून दोनदा वर्गात बसलेला असताना गैरहजेरी लागली. बाईंनी नणंदेला बोलावून सांगितलं की डॉक्टरचा दाखला आणा नाहीतर दुसरी शाळा बघा. शाळेचं नाव लिहीत नाही, बाईंवर राग नाही, त्यांच्याकडं पण पन्नासेक पोरं आहेत.

आता मुख्य अडचण. नणंदेचे मिस्टर शिरोलीत फाउंड्रीत फेटलिंगला (ओतलेले भाग घासून साफ करायला) आहेत, ठेकेदाराकडं, खाडा झाला की पैसे कट. ती स्वतः चार घरची धुणीभांडी करते. सरकारी दवाखान्यात गेलो, केसपेपर काढायला लाईन, मग मानसिक विभागाची लाईन, नंबर लागेपर्यंत दुपारचा एक वाजला. डॉक्टर चांगले होते, खोटं कशाला बोलू, पोराशी प्रेमानं बोलले, पण बाहेर एवढी गर्दी की पाच-सात मिनिटांच्या वर देणार कुठून. म्हणाले औषधाची गरज नाही, दर आठवड्याला समुपदेशन लागेल. पण ते लहान मुलांचं बघणारं कोणी रोज नसतं, दीड महिन्यानंतरची तारीख मिळाली, त्या तारखेला गेलो तर मॅडम रजेवर. असे तीन हेलपाटे झाले. तीन खाडे आणि एका घरचं काम सुटलं कारण त्या वहिनींना रोजची बाई पाहिजे होती. प्रायव्हेटला चौकशी केली तर एका सिटिंगचे आठशे रुपये, आधीच्या टेस्टचे वेगळे चार हजार. मी लक्ष्मीपुरीत होलसेल दुकानात बिलिंगला आहे, दोन-तीन सिटिंग मी करीन पण दर आठवड्याला नाही झेपायचं.

रात्री मोबाईलवर वाचत बसते. २०१५-१६ ला देशाचा मानसिक आरोग्याचा सर्वे झाला त्यात १३ ते १७ वयाच्या पोरांमध्ये शंभरात सातजणांना काही ना काही त्रास निघाला, पण त्याच्या खालच्या वयाची पोरं त्यात धरलीच नव्हती. म्हणजे आमचं नऊ वर्षांचं लेकरू कुठल्या मोजणीतच नाही. सासूबाई म्हणतात बाहेरची बाधा आहे, उतारा करा. त्यांना तरी काय बोलू, उताऱ्याला खाडा करावा लागत नाही, माणूस संध्याकाळी घरी येतो.

मला विचारायचंय ते हे. संध्याकाळी सात नंतर किंवा रविवारी कमी फीमध्ये लहान मुलांचं समुपदेशन करणारं कोल्हापुरात कोणी आहे का? आईवडलांनी घरी काय करायचं हे शिकवणारं कोणी असलं तरी चालेल. शाळा अशी दाखल्यावाचून काढू शकते का? आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १८ ला असं आहे की जिल्ह्यात सरकारी सेवा मिळत नसेल तर दुसरीकडं उपचार घ्यायचे आणि खर्च सरकारनं भरून द्यायचा. हे पैसे खरंच कोणाला मिळालेत का? अर्ज कुठं दिला? कृपया अनुभव असेल तरच सांगा.

प्रतिसाद

ताई, मी समावेशित शिक्षणात विशेष शिक्षक म्हणून काम केलंय त्यामुळं शाळेचं सांगतो. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणं आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, दाखला असो नसो. पण बाईंशी भांडू नका, त्या वर्गात आपल्याला पोराला रोज बसवायचंय. मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या, केसपेपरची झेरॉक्स जोडा, आणि हात वर केला की हजेरी लावावी एवढंच मागा. त्याला चारचौघांत 'बोल बोल' करायचं नाही, बोलला तर टाळ्या पण नकोत, असली मुलं त्यानं अजून मिटतात. जवळच्या एका मित्राशेजारी बसवा, आधी त्याच्या कानात कुजबुजू दे, मग हळूहळू पुढं. आणि अपंगत्वाच्या दाखल्याच्या मागं धावू नका, सध्या त्याची गरज नाही, उगाच आणखी खाडे होतील.

शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तिथं तपासणीला येतं, १८ वर्षांपर्यंतची मुलं बघतात. त्यांच्याकडून संदर्भ चिठ्ठी घ्या, ओळीत उभं राहून सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही. रात्रीसाठी १४४१६, टेलिमानस, ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. नणंदबाईंनी काम आवरून दहा वाजता केला तरी चालतो.

प्रतिसाद

वहिनी, आमचं घर दुधाळीत. आमची पोरगी पण पुरानंतर असंच करायची. आम्ही काय केलं, मे महिन्यात तिच्याबरोबर बसून एक पिशवी भरली, रेशनकार्ड, तिची वह्या-पुस्तकं, टॉर्च, एक ड्रेस, आणि कुठल्या फुटाला घर सोडायचं ते तिलाच कागदावर लिहायला लावून भिंतीला चिकटवलं. डॉक्टरचं काम डॉक्टरनंच करायचं, पण त्या पिशवीनंतर तिला झोप लागायला लागली. पैसे परत मिळाल्याचं मात्र मी कोणाकडून ऐकलेलं नाही.

मूळ धागालेखिका

दादा, ताई, दोघांचे मनापासून आभार. काल रात्री नणंदेला घरी बोलावून १४४१६ लावला, पहिली दोन मिनिटं ती नुसती रडली, पलीकडच्या मॅडम थांबल्या. मग पाऊण तास बोलली. गुरुवारी रात्री त्या परत फोन करणार आहेत. शाळा अनुदानित आहे का हे विचारायचंच राहिलं होतं, आहे. अर्ज मी लिहून दिलाय, उद्या दुकान उघडायच्या आधी मीच नेऊन देते, म्हणजे नणंदेचा खाडा वाचेल.

पिशवी आज भरली. त्यानं त्यात सगळ्यात आधी दप्तर घातलं, मग बहिणीचं. किती फुटाला निघायचं विचारलं तर ३९ लिहिलं नाही, ३५ लिहिलं. ठीक आहे म्हटलं, ३५ ला निघू.

रविवारच्या समुपदेशनाचं आणि खर्चाच्या अर्जाचं अजून कोणाला माहीत असेल तर सांगा, मी रोज रात्री बघते.