ओपीडीत बसून आतून कोरडं व्हायला होतंय, काय करू?

समुपदेशक_ताई: नमस्कार, मी सरकारी मानसोपचार ओपीडीत सोशल वर्कर आहे, सात वर्षं झाली. आधी पेशंट दारात दिसला की त्याच्या घरचं सगळं आठवायचं, आता केसपेपर बघितल्याशिवाय नावही आठवत नाही. परवा एक आई मुलाबद्दल सांगताना रडत होती आणि माझं लक्ष घड्याळाकडे, तर तीच डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, तुम्हाला उशीर होतोय का?" रात्रभर झोप नाही लागली. चार दिवस गावी जाऊन आले, सोमवारी परत तेच. स्टाफसाठी योगा ठेवला होता, तोही ओपीडी संपल्यावर, आपल्याच वेळेत. नोकरी सोडावी का?

वॉर्ड_सिस्टर: ताई लगेच सोडू नका हो. मी मनोरुग्णांच्या वॉर्डात खूप वर्षं काढलीत. आमच्याकडे पेशंटने हात उगारला तरी सिस्टर तोंड धुऊन परत राउंडला, मग एका इन्चार्जबाईंनी नियम केला की असं काही झालं की अर्धा तास दुसरीने वॉर्ड बघायचा, हिने चहा घेऊन फक्त बसायचं. तेवढ्याने खूप फरक पडला, खरंच.

मानसशास्त्र_पुणे: तुम्ही लिहिलंय ते बर्नआउटच वाटतंय. डब्ल्यूएचओच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत तो आजार म्हणून नाही, कामाशी संबंधित गोष्ट म्हणून आहे, थकवा, कामाबद्दल तुटलेपणा आणि आपल्याच्याने काही होत नाही असं वाटणं. म्हणजे दोष तुमच्यात नाही, कामाच्या रचनेत आहे. देशात लाख लोकांमागे एक सायकियाट्रिस्टही नाही, त्यामुळे गर्दी कमी होणार नाही, पण जड केसेस एकाच माणसाकडे जाणं थांबवता येतं. आणि सुपरव्हिजन मागाच, आठवड्यातून एकदा सिनियरसमोर केस मोकळेपणी मांडायची, तिथे रडू आलं तरी चालतं. झोप अशीच उडत राहिली तर स्वतःसाठी मदत घ्या, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आपण पेशंटला देतो तो आपल्यालाही आहेच.

हेल्पलाइनवाला: +1. आत्महत्येचा कॉल झाला की आम्ही पंधरा मिनिटं लाइनवर येतच नाही. आधी अपराधी वाटायचं, पण लगेच पुढचा कॉल घेतला की त्या माणसाचं निम्मंच ऐकू येतं.

समुपदेशक_ताई: सगळ्यांचे आभार, वाचताना रडूच आलं. सरांशी बोलले, गुरुवारी ओपीडीच्या वेळेतच अर्धा तास केस डिस्कशनला द्यायला तयार झालेत. त्या आईची पुढची तारीख पण गुरुवारचीच आहे, तिला आधी भेटणार.