ऑटिस्टिक मुलाचा जबाब: गप्प बसला तर हो-नाहीचे प्रश्न चालतील का?

रानजाई: पॉक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) प्रकरणात ९ वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाचा जबाब आहे, विशेष शिक्षिका म्हणून मदतीला बसायचंय. तीन-चार शब्दांची वाक्यं बोलतो, ऐकलेलं पुन्हा म्हणतो. ‘काय झालं ते सांग’ म्हटलं की गप्प. थेट हो-नाही विचारावं का?

उंबरठा: लगेच नको. गप्प आहे म्हणजे आठवत नाही, असं नसतं. ‘सगळं सांग’ म्हटल्यावर सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. आधार दिला की तपशील येतात, फक्त त्या आधारात उत्तर लपलेलं नको. त्याच्याच तोंडून आलेला शब्द धरा. तो ‘गच्ची’ म्हणाला असेल तर ‘गच्चीचं सांग’, आणि मग मनात दहा आकडे मोजा. ही शांतता मोठ्यांनाच जड जाते.

‘सांगशील का?’ विचारलंत तर ‘हो’ येईल आणि विषय संपेल. ‘हात लावला का?’ला, काठीने टोचलं असेल तर ‘नाही’ येईल, आणि ते खरंच असेल. ‘परवा’ हा शब्द तर काढूनच टाका, मराठीत तो मागचाही आणि पुढचाही. वेळेसाठी ‘डब्याआधी की नंतर?’ विचारलं तर शेवटचा शब्द परत येतो, म्हणून थोड्या वेळाने पर्याय उलटे करून विचारा.

कोरा कागद: उलटं करून विचारण्याशी असहमत. तोच प्रश्न पुन्हा आला की मुलाला वाटतं आधीचं उत्तर चुकलं, आणि तो बदलतो. त्यापेक्षा त्याच्या रोजच्या दिनक्रमाची चित्रपट्टी मांडा: प्रार्थना, डबा, व्हॅन, टीव्ही. हातात एक कार्ड द्या, ‘गच्ची कुठे? लाव.’ चित्र काढणार असेल तर त्यानेच काढावं, तुम्ही रेघही ओढू नका.

‘माहीत नाही’ आधी शिकवा. ‘माझ्या पिशवीत काय आहे?’ विचारा, अंदाज केला तर सांगा, ‘माहीत नाही म्हटलं तरी चालतं.’ ‘आठवत नाही’ आणि ‘थांबा’ ही कार्डं हाताशी ठेवा. कार्डांवर बोलणारं मूल असेल तर शरीराचे सगळे अवयव तक्त्यावर हवेत, मोजकेच नकोत.

साक्षीपत्र: पॉक्सोच्या कलम २६(३) नुसार विशेष शिक्षकाची मदत घेता येते. २६(४) नुसार शक्य तिथे ध्वनिचित्रमुद्रण करायचं असतं. ते आग्रहाने मागा, कारण ऐकलेलं तसंच म्हणणाऱ्या मुलाचं ‘तू रडलास’ म्हणजे ‘मी रडलो’ असू शकतं. तुम्ही ‘मी’ करून सांगितलंत तर ते तुमचं वाक्य झालं. जसंच्या तसं लिहू द्या, अर्थ वेगळा नोंदवा. ‘आईला सांगू नकोस’ हे त्याने कुणाच्या बोलण्याच्या चालीत म्हटलं, ते कागदावर उतरत नाही. कलम २४ प्रमाणे अधिकारी गणवेशात नसावेत. भेट मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी.

रानजाई: म्हणजे पट्टीसाठी गच्चीचं चित्र आधी काढून न्यायचं ना?

कोरा कागद: नाही. कार्ड कोरं न्या. ‘गच्ची’ तो म्हणाला, की त्याच्यासमोर लिहा.