पत्रकावर 'दहापट नेटवर्क' लिहू का?

जुळणीवाला
मंडळी, सांगलीत असेंबल्ड पीसीचं छोटं दुकान आहे. दिवाळीचं पत्रक छापायचंय. समोरचा दुकानदार ऑफिससाठी २५६ जीबी एसएसडीचं मशीन विकतो, लॅन पोर्ट (नेटवर्कची केबल लावायची जागा) १०० एमबीपीएसचा. तेवढ्याच पैशात मी ५१२ जीबी आणि गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचा पोर्ट देतो. लिहिलंय, 'त्यांच्यापेक्षा दुप्पट स्टोअरेज, दहापट नेटवर्क!' बायको म्हणते, हे थापेसारखं वाटतं. काय करू?

आठतारी
वहिनींचं ऐका. 'दहापट' वाचून माणूस समजणार की नेट दहापट पळेल. त्याचं कनेक्शनच १००चं असेल तर यूट्यूब दोन्हीकडे सारखंच चालणार, आणि तो पत्रक घेऊन तुमच्या दारात!
फरक पडतो तो एका मशीनवरून दुसऱ्यावर फाइली टाकताना. लग्नाचे फोटोवाले पकडा. ६४ जीबीचं फोल्डर १०० च्या पोर्टवरून न्यायला दीड तास सहज जातो, गिगाबिटवर दहा-अकरा मिनिटं. हे छापा.
आणि ५१२ म्हणाल तर विंडोज ४७६ दाखवणार. कंपनी जीबी हजाराच्या हिशेबाने मोजते, विंडोज १०२४ च्या. 'उरलेले कुठं गेले?' याचं उत्तर तयार ठेवा.

जुनाथिंकपॅड
२००८ आठवतंय? ॲपलने मॅकबुक एअर हा पातळ लॅपटॉप लिफाफ्यातून काढून दाखवला. त्याला इथरनेट (म्हणजे लॅन) पोर्ट नाही, डीव्हीडी ड्राइव्ह नाही, यूएसबी एकच. लेनोव्होने थिंकपॅड एक्स३०० या लॅपटॉपच्या जाहिरातीत तोच लिफाफा वापरून टोमणा मारला : आमच्यात डीव्हीडी, इथरनेट, तीन यूएसबी, सगळं आतच. मुद्दा शंभर टक्के खरा. मी तर एक्स३०० वालाच. पण लोकांच्या लक्षात लिफाफा राहिला तो ॲपलचा. पोर्ट मोजून गिऱ्हाईक हलत नाही हो.
तुलना करायला बंदी नाही. जाहिरात मानक परिषदेच्या संहितेत ती चालते, फक्त कशाची कशाशी ते स्पष्ट हवं आणि सिद्ध करता यायला हवं.

जुळणीवाला
सिद्ध करायला बसलो आणि फजिती झाली. दुकानातली दोन मशीनं नेटवर्क स्विचला जोडली, फोल्डर ओढलं, तर वेग सेकंदाला ११ एमबीवरच, म्हणजे १०० च्या पोर्टएवढाच अडलेला! बोर्डाला शिव्या घातल्या, ड्रायव्हर दोनदा टाकला. शेवटी केबलचं टोक उजेडात धरलं. पोराने टोक क्रिंप करताना (तारा दाबून बसवताना) चारच तारा बसवल्या होत्या. गिगाबिटला आठही लागतात. नवी केबल लावली, अकरा मिनिटांत काम फत्ते.
आता पत्रकावर एवढंच : 'लग्नाचं ६४ जीबी फोल्डर, अकरा मिनिटांत पलीकडच्या मशीनवर. दुकानात येऊन घड्याळ लावून बघा.' खाली बारीक अक्षरांत, दोन्हीकडे गिगाबिट हवं.
'त्यांच्यापेक्षा' काढून टाकलं. संध्याकाळचा चहा आम्ही एकाच टपरीवर पितो.